गोष्ट २०४५ची, आठवणी १९८०च्या! विज्ञानकथेत जुन्या संदर्भांचं नेमकं काम काय?

मराठी माणसांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर धनंजय मानेंचा पत्ता विचारून बघा. दोन मिनिटांत सत्तर रुपयांचा हिशेब निघतो, लिंबू कलरची साडी येते, डायबेटीसचं औषधही येतं. ‘अशी ही बनवाबनवी’ आला १९८८ साली. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी जन्मलेली पोरंही यात मागे नसतात. गंमत अशी, की या सगळ्यात नवा विनोद कुणीच केलेला नसतो. फक्त ओळख पटलेली असते. ‘अरे, तूपण आपल्यातलाच’ एवढाच त्याचा अर्थ, आणि तेवढ्यावर माणूस खूश होतो.

हीच युक्ती कादंबरीत वापरली तर? आणि तीही भविष्यकाळातल्या, विज्ञानकथेच्या कादंबरीत? गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभरचे विज्ञानकथा वाचणारे यावरून भांडतायत. त्या भांडणाच्या मध्यभागी बहुतेक वेळा एकच पुस्तक असतं : अर्नेस्ट क्लाइनची ‘रेडी प्लेअर वन’.

कादंबरी २०११ साली आली, २०१८ साली स्टीव्हन स्पीलबर्गने तिच्यावर सिनेमा काढला. गोष्ट घडते २०४५ साली. जग कंगाल झालंय. लोक एकावर एक रचलेल्या ट्रेलरच्या खुराड्यांत राहतात आणि दिवसभर डोळ्यांवर चष्मा चढवून ‘ओएसिस’ नावाच्या आभासी जगात पडून असतात. हे जग उभं करणारा जेम्स हॅलिडे मरताना आपली सगळी संपत्ती त्या जगात कुठेतरी लपवून ठेवतो. जो शोधेल, त्याची. अडचण एकच. हॅलिडेचं पोरवय गेलं १९८०च्या दशकात, त्यामुळे सगळी कोडी त्याच्या आवडीच्या व्हिडिओ गेम्सची, सिनेमांची आणि गाण्यांची. वेड वॉट्स हा अठरा वर्षांचा पोरगा साठ वर्षं जुने सिनेमे संवादांसकट पाठ करतो, पॅकमॅन एकही चूक न करता खेळतो आणि एकेक दार उघडत जातो.

ज्यांना हे पुस्तक आवडलं त्यांचं म्हणणं साधं आहे. इथे जुने संदर्भ शोभेला लावलेले नाहीत, ते कुलपाच्या किल्ल्या आहेत. ते काढले तर गोष्टच उरत नाही. त्यांचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. एक अख्खी पिढी स्वतःचं वर्तमान सोडून एका मेलेल्या अब्जाधीशाच्या बालपणात राहायला जाते, हीच मुळात भीतीदायक कल्पना आहे.

न आवडलेल्यांचं उत्तर असं, की कल्पना भीतीदायक आहे खरी, पण पुस्तकाला तिची भीती वाटताना दिसत नाही. पानंच्या पानं नुसती यादी येते. हा गेम, ती गाडी, तो बँड. वाचकाला जो आनंद होतो तो लेखकाने कमावलेला नसतो, वाचकाच्याच आठवणींतून उसना घेतलेला असतो. आपल्याच खिशातले पैसे काढून आपल्यालाच बक्षीस द्यायचं, असा तो प्रकार.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण दुसऱ्या बाजूचं पारडं जड वाटतं. हॅलिडेच्या आवडी वेडला पाठ आहेत. त्या त्याला का आवडाव्यात, याचं उत्तर मात्र पुस्तकात नीट सापडत नाही.

आता जरा शब्दाकडे बघू, कारण वादाची मेख तिथेच आहे. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ साली योहान्नेस होफर नावाच्या वैद्यकाच्या एका विद्यार्थ्याने बनवला. ग्रीक भाषेत ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणं आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. घरापासून लांब राहणाऱ्या स्विस माणसांना घराच्या आठवणीने जे आजारपण येई, त्याचं हे नाव. म्हणजे मूळ शब्दात दुखणं आहे. मराठीत त्यासाठी दोन शब्द चालतात : ‘स्मरणरंजन’ आणि ‘गतकातरता’. पहिल्यात करमणूक आहे, दुसऱ्यात कळ. मराठीने नकळत या वादाचे दोन्ही पक्ष दोन शब्दांत वाटून ठेवलेत म्हणायचे. ‘रेडी प्लेअर वन’ हे जवळजवळ निखळ स्मरणरंजन. एमिली सेंट जॉन मँडेलची ‘स्टेशन इलेव्हन’ (२०१४) ही गतकातरता. तिच्यात फ्लूच्या साथीने जग ओस पडतं आणि उरलेली माणसं एका विमानतळावर बंद पडलेले मोबाइल आणि क्रेडिट कार्डं मांडून संग्रहालय करतात. त्या निकामी वस्तूंकडे बघताना कुणी ‘वा, आमच्या वेळचं!’ म्हणत नाही.

इथे मराठी वाचकाचा खास प्रश्न येतो. हे बालपण कुणाचं?

जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात अंकुशनगर आहे. समर्थ सहकारी साखर कारखान्याचं गाव. अशा कारखान्याच्या वसाहतीत १९८०-९०च्या दशकांत वाढलेल्या माणसाला अमेरिकेतल्या मॉलमधल्या गेमच्या दुकानांची आठवण येण्याचं कारणच नाही. त्याच्या आठवणीत पाळी बदलल्याचा भोंगा असतो, मळीचा वास असतो, उसाच्या गाडीमागे पळत ओढून घेतलेलं कांडकं असतं. व्हिडिओ गेम असलाच, तर टीव्हीला जोडायचा, आणि कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारायची. तो ‘रेडी प्लेअर वन’ मजेत वाचू शकतो, पण त्याच्यासाठी ते सगळं अभ्यासक्रमासारखं असतं. थोडक्यात, त्याची अवस्था अगदी वेड वॉट्ससारखीच होते : दुसऱ्याच्या आठवणी पाठ करा, मगच खेळात घेऊ.

मग आपल्या आठवणींवर उभी असलेली विज्ञानकथा मराठीत आहे का? आहे, आणि ती बरीच आधीची आहे.

जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. आपल्या नावामुळे परीक्षकांवर दडपण येऊ नये म्हणून आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं. हस्ताक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. पुढे त्यांनी लिहिलेल्या कथांमध्ये एक होती ‘गंगाधरपंतांचे पानिपत’.

गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक. सभांचं अध्यक्षपद भूषवण्याची त्यांना भारी हौस. पानिपताची लढाई वेगळी झाली असती तर काय, याचा विचार करत असताना त्यांना अपघात होतो आणि ते वेगळ्याच जगात जागे होतात. या जगात मराठे पानिपत जिंकलेले आहेत. पंत रेल्वेने मुंबई गाठतात, तर तिथे अजून इंग्रजांचा अंमल आणि ईस्ट इंडिया कंपनी शाबूत. ते एशियाटिकच्या ग्रंथालयात शिरतात आणि स्वतःच्याच नावावरचे इतिहासाचे पाच खंड काढून बसतात. पहिले चार ओळखीचे. पाचवा मात्र त्यांनी कधी लिहिलेलाच नाही. फरक कुठे पडला? विश्वासरावांना लागलेली गोळी या जगात त्यांना चाटून निघून गेली, एवढाच फरक.

यातला मुख्य संदर्भ बघा. १४ जानेवारी १७६१ ही तारीख कुणाला आठवो न आठवो, पानिपत मराठीत रोज बोललं जातं. निवडणुकीत पक्ष आपटला की त्याचं पानिपत होतं. कुणावर भरवसा ठेवायचा म्हटलं, की ‘विश्वास पानिपतात गेला’ असं ऐकायला मिळतं. त्यामुळे ती गोळी चुकली हे वाचताना मराठी वाचकाच्या पोटात जे होतं, ते लेखकाला वेगळं लिहावं लागत नाही. नेमकी हीच तर स्मरणरंजनाची युक्ती!

मग फरक काय? एक म्हणजे, नारळीकर ओळख पटवून थांबत नाहीत. त्या जुन्या जखमेला ते प्रश्न विचारतात : एका गोळीची दिशा बदलली तर सगळा इतिहास बदलतो का, आणि दोन्ही जगं एकाच वेळी खरी असू शकतात का? मग राजेंद्र देशपांडे हा शास्त्रज्ञ पंतांना पुंज सिद्धांताच्या आधारे त्याचं उत्तर देतो. दुसरं म्हणजे, जिंकलेलं जग हा पंतांसाठी स्वर्ग नसतो. त्यांना तिथे स्वतःचा मुलगा सापडत नाही. आझाद मैदानावर व्याख्यान चालू असतं, व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसते आणि पंतांना राहवत नाही. ते जाऊन बसतात. त्या जगातले लोक अध्यक्षीय भाषणांना कधीचेच विटलेले असतात, आणि पंतांची तिथे जी शोभा होते ती मराठी व्याख्यानमालांना गेलेल्या कुणालाही विशेष आवडेल. हाही लोकसंस्कृतीचा संदर्भच, पण तो आपल्याला कुरवाळत नाही, चिमटा काढतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. या कथेचं इंग्रजी रूप ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात घेतलं गेलं. म्हणजे ज्यांच्या बोलण्यात पानिपत कधी येत नाही, अशा केरळ-आसामच्या मुलांनीही ती वाचली. त्यांच्या पोटात कालवाकालव झाली नसेल, पण एका गोळीने वाट बदलणारा इतिहास त्यांना समजला. संदर्भ माहीत असलेल्याला जास्त मिळतं, नसलेला दाराबाहेर राहत नाही. पॅकमॅन आणि पानिपत यांतला फरक हाच.

नारळीकरांनी पुराणांतले शब्दही असेच कामाला लावले. ‘यक्षांची देणगी’ म्हटलं की ती देणारे पृथ्वीवरचे नाहीत हे वेगळं सांगावं लागत नाही. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत यंत्रमानवाला वामन हे नाव आहे. तीन पावलांची गोष्ट ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढचा धोका नावातच कळतो.

एक तक्रार मात्र करायलाच हवी. मराठी विज्ञानकथेतली माणसं बहुधा पुण्या-मुंबईतच राहतात. पानिपताची गोष्टही पुणे-मुंबई रेल्वेमार्गावरच फिरते. प्रत्यक्षात उदगीरची मोहीम आटोपल्यावर सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले ते १७६०च्या मार्चमध्ये परतूरहून. हे परतूर आज जालना जिल्ह्यात आहे, अंकुशनगरच्याच जिल्ह्यात. म्हणजे बदललेल्या इतिहासाची गोष्ट जिथून सुरू करता आली असती ती जागा मराठवाड्यात आहे, आणि तिथल्या वाचकाला त्यासाठी कुणाच्याही आठवणी पाठ कराव्या लागल्या नसत्या.

संदर्भ जुने होतात, हेही खरं. नारळीकरांच्या कथेतली ‘व्हीटी’ १९९६ सालीच छत्रपती शिवाजी टर्मिनस झाली, आता ‘सीएसएमटी’ म्हणतात. आज अकरावीतल्या मुलाला व्हीटी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागेल. पानिपत त्याला ठाऊक असेल, पण कदाचित २०१९च्या आशुतोष गोवारीकरांच्या सिनेमातून. त्याच्या डोळ्यांसमोरचे सदाशिवरावभाऊ अर्जुन कपूरसारखे दिसत असतील.