वेबसाईटचे बिऱ्हाड हलवताना

मागच्या १ जानेवारीला सकाळी नऊच्या सुमारास आमच्या मंडळाची वेबसाईट बंद पडली. पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला अभिवादन करायला निघालेले लोक आमच्या तळेगाव ढमढेरेपासून शिक्रापूरमार्गे रांगेत होते. पार्किंग कुठे, बस कुठून सुटणार, हे बघायला त्यांनी आमची साईट उघडली आणि पानावर फक्त एक इंग्रजी सूचना दिसली. आमच्या स्वस्त होस्टिंगची मर्यादा संपली होती. तक्रार केली, उत्तर तीन दिवसांनी आले. तेव्हाच ठरवले की बिऱ्हाड हलवायचे.

हे काम गावोगावच्या अनेक मंडळांना, विहार समित्यांना आणि छोट्या संस्थांना कधी ना कधी करावे लागणार आहे. मी संगणक शिकलेली नाही, समाजशास्त्र शिकले आहे. म्हणून आम्ही जे ठेचकाळत शिकलो ते सोप्या शब्दांत सांगते.

आधी एक गैरसमज दूर करू. डोमेन आणि होस्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा, त्यात आपले सामान असते: लेख, फोटो, अर्जाचे नमुने. डोमेन म्हणजे दारावरच्या पाटीवरचे नाव, आणि तेही वर्षाच्या भाड्यानेच मिळते. गाळा बदलायला पाटी बदलावी लागत नाही. पण पाटी कोणाच्या नावावर आहे, हे मात्र आधी बघावे लागते.

आमची पाटी एका जुन्या कार्यकर्त्याच्या खासगी ई-मेलवर होती. त्याने प्रेमाने, स्वतःच्या खिशातून सुरुवात करून दिली होती. त्याला दोष नाही. पण तो नोकरीसाठी बाहेर गेला, तो ई-मेल त्याने वापरणे सोडले, आणि नूतनीकरणाच्या सूचना तिथेच पडून राहिल्या. आम्ही शोध घेतला तेव्हा मुदत संपायला नऊ दिवस होते. डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग नावाची मुदत गेली तर सहसा काही दिवसांची सवलत मिळते, मग ३० दिवस जादा पैसे भरून ते सोडवता येते, त्यानंतर ५ दिवसांनी नाव कोणालाही मोकळे होते. जुनी, लोकांना माहीत असलेली नावे जुगाराच्या जाहिरातवाल्यांना फार आवडतात. बाबासाहेबांच्या फोटोसह वर्षानुवर्षे व्हॉट्सअॅपवर फिरलेली लिंक एक दिवस रमीच्या पानावर उघडली असती. आता आमचे डोमेन संस्थेच्या ई-मेलवर आहे आणि त्याची चावी दोन जणांकडे आहे.

मग सामान बांधणे. वेबसाईटचे दोन भाग असतात. एक फाइली (फोटो, पीडीएफ, थीम) आणि दुसरा डेटाबेस, ज्यात लेखांचा मजकूर असतो. दोन्हींची प्रत काढायची आणि ती आपल्या हातात ठेवायची, होस्टिंगवाल्याच्या भरवशावर नाही. मोठमोठ्यांचीही यात फजिती झाली आहे. २०१९ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळाने जाहीर केले की सर्व्हर बदलताना लोकांनी अनेक वर्षे चढवलेली गाणी, फोटो, व्हिडिओ गेले. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते. आम्ही एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर ठेवली. महत्त्वाची पाने इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही जतन करून घेतली. ती सेवा मोफत आहे.

आमचे सगळ्यात जास्त डोके खाल्ले ते देवनागरीने. नव्या सर्व्हरवर सगळे चढवले, पान उघडले, तर मराठीच्या जागी चित्रविचित्र अक्षरे! रांजणगाव एमआयडीसीत शिफ्ट करून रात्री आमच्यासाठी बसणाऱ्या तरुणाने कारण समजावले. 'धम्म' हा शब्द युनिकोडमध्ये चार चिन्हांचा: ध, म, हलन्त, म. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे एकूण बारा. आमच्या जुन्या डेटाबेसवर लेबल होते 'लॅटिन१' असे, म्हणजे एक बाइट एक अक्षर. माल मराठीचा आणि डब्यावर चिठ्ठी युरोपीय लिपीची! जुन्या जागी दोन्हीकडून सारखीच चूक असल्याने चालून जात होते. नव्या जागी रूपांतर झाले आणि बारा वेडीवाकडी चिन्हे उमटली. मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत मूळ निवड लॅटिन१ च होती, त्यामुळे जुन्या मराठी साईटवर हे दुखणे सर्रास आढळते.

उपाय असा: डेटाबेसची प्रत काढताना त्याला लॅटिन१ म्हणूनच काढायला सांगायचे, म्हणजे तो मध्ये रूपांतर करत नाही, मग त्या फाइलीत जिथे जिथे लॅटिन१ लिहिले असेल तिथे यूटीएफ८एमबी४ करून नव्या जागी भरायचे. वेडीवाकडी अक्षरे दिसली तर घाबरू नका, मजकूर परत मिळतो. मात्र सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हे साठली असतील तर ती प्रत टाकून द्या आणि जुन्या सर्व्हरवरून नवी काढा. प्रश्नचिन्हातून अक्षर परत येत नाही.

पाटी फिरवण्याआधी नवी जागा फक्त आपल्या संगणकावरून बघता येते. होस्ट्स नावाच्या फाइलीत नव्या सर्व्हरचा पत्ता लिहिला की झाले. सगळे तपासल्यावर डीएनएसमध्ये पत्ता बदलायचा. जुना पत्ता जगभरचे सर्व्हर काही काळ लक्षात ठेवतात, किती काळ ते टीटीएल या आकड्यावर ठरते. तो ८६४०० सेकंद असेल तर पूर्ण एक दिवस. म्हणून दोन दिवस आधीच तो ३०० करून ठेवावा. दिवसही बघून निवडावा. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, बुद्ध पौर्णिमा यांच्या आसपास हा उद्योग नको. आम्ही फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा घेतला.

ई-मेल लोक हमखास विसरतात. संस्थेचा मेल त्याच होस्टिंगवर असेल तर जुने मेलही आपोआप येत नाहीत, आणि बदलाच्या दिवशी काही नवे मेल जुन्या पेटीतच पडतात. आमच्याकडे शिष्यवृत्तीची विचारणा मेलवर येते. दोन मुलींचे प्रश्न आम्हाला जुन्या पेटीत सापडले, अर्जाच्या शेवटच्या तारखेला तीन दिवस असताना.

म्हणून जुने होस्टिंग लगेच बंद करू नका, असे मी सगळ्यांना सांगते. 'दुहेरी भाडे कशाला?' असे आमच्या बैठकीतही विचारले गेले. एक महिना ठेवायचे ठरले. एकोणिसाव्या दिवशी एका कार्यकर्तीने फोन केला, 'ताई, आजीबाईंची रेकॉर्डिंग वाजत नाहीत.' गावातल्या म्हाताऱ्या बायांनी १९५६ नंतरच्या दिवसांविषयी सांगितलेल्या आठवणी आम्ही ध्वनिमुद्रित केल्या होत्या. ते फोल्डर कोणीतरी कधीकाळी मुख्य वेबसाईटच्या बाहेर ठेवलेले, त्यामुळे बॅकअपच्या प्रोग्रॅमने ते उचललेच नव्हते. आमच्या तिन्ही प्रतींमध्ये ते नव्हते. जुन्या सर्व्हरवर मात्र अजून होते. त्या बायांपैकी दोघी आता नाहीत. त्याच संध्याकाळी आम्ही ते उतरवून घेतले, आणि एकेक फाइल शेवटपर्यंत वाजवून बघितली.