नाव्ह्याची गढी ते गडचिरोली

अकोला–पूर्णा लोहमार्गावरच्या जऊळक्यात आज बंदुकीची चर्चा झालीच, तर ती आचारसंहितेपुरती. निवडणूक लागली की परवानाधारक आपलं हत्यार ठाण्यात जमा करतात, निकालानंतर घेऊन जातात. दोनशे वर्षांपूर्वी वाशीम–हिंगोलीच्या याच पट्ट्यात हटकर नाईकांचा दरारा होता. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, लढाया संपल्या. पण हत्यारं आणि ती चालवणारे हात जागेवरच राहिले. जानेवारी 1819 मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामी फौजेनं नोवसाजी नाईकांच्या नाव्ह्याच्या गढीला वेढा घातला. गढी पडली, आतले बहुतेक लढवय्ये कापले गेले. इंग्रजी कागदांत ते लुटारू. इथल्या माणसांना ते स्वातंत्र्यवीर. गढी पाडली म्हणून वऱ्हाड शांत झाला, असं मात्र घडलं नाही. नाईकांची बंडं पुढेही धुमसत राहिली.

खानदेशात भिल्लांविरुद्धच्या मोहिमाही अशाच फसल्या. मग मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टननं धोरण फिरवलं. माफी, कसायला जमीन, बैल-बियाण्यासाठी तगाई. आणि 1825 मध्ये इंग्रज अधिकारी जेम्स औट्रमनं धरणगावला उभारलेली भिल्ल पलटण. ज्याच्या हातातलं हत्यार काढायचं, त्यालाच पगार देऊन सरकारी बंदूक द्यायची! युक्ती चालली. पण ही पलटण पुढे भिल्लांवरच सोडली जायची, हेही विसरता येत नाही.

1980 च्या सुमारास सिरोंच्याकडून नक्षल दलम, म्हणजे सशस्त्र तुकड्या, गडचिरोलीत शिरले, तेव्हा बळाचा आणि सवलतीचा, हे दोन्ही मार्ग पुन्हा दिसले. 1990 मध्ये स्थानिक तरुणांचं सी-60 पथक उभं राहिलं. आदिवासीच्या समोर आदिवासी. 2009 या एकाच वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी इथं पोलिसांचे जीव गेले, आणि दोन बंदुकांमधल्या गावकऱ्याला ‘खबऱ्या’ ठरवून मारणं चालूच राहिलं. माझ्या मते खरा बदल 2005 च्या आत्मसमर्पण धोरणानं आणि नक्षल्यांना गावबंदी करणाऱ्या गावांनी घडवला. चकमकींनी त्याला जोर दिला, एवढंच.

15 ऑक्टोबर 2025 रोजी माओवादी नेता भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. 54 हत्यारं खाली ठेवली गेली. त्यात सात एके-47 होत्या, नऊ इन्सासही. इन्सास ही मुळात सरकारी दलांची रायफल. ती जंगलात कशी पोचली, ते वेगळं सांगायला नको.

हत्यारं खाली ठेवल्यावर पुढे काय? मोझांबिकमध्ये 1992 ला यादवी थांबली. 1995 पासून तिथल्या ख्रिस्ती मंडळानं बंदुकीच्या बदल्यात कुदळी, सायकली, शिलाई यंत्रं दिली. आपल्याकडे आत्मसमर्पितांपैकी काहींना पोलाद प्रकल्पात नोकरी मिळाली. ती हवीच; पण त्या पोलादाचं खनिज ज्या सुरजागडच्या डोंगरातून येतं, तिथल्या खाणीला अनेक ग्रामसभांचा विरोध आहे. तो ऐकला नाही, तर नोकरी ही नवी तगाईच ठरेल.

आणि एक मागणं. जमा हत्यारांचा आकडा समारंभात वाचला जातो. ‘खबऱ्या’ म्हणून मारल्या गेलेल्यांच्या घरी नेमकं काय पोचलं, त्याची यादीही सरकारनं त्याच व्यासपीठावरून वाचावी.