गुंता मोजावा कसा?

दोन वर्षांपूर्वी माझ्या आईचं कुटुंब निवृत्तिवेतन एका महिन्यात जमाच झालं नाही. मी कार्यालयात गेलो. खिडकीपलीकडचे गृहस्थ म्हणाले, "काका, त्यांना ऐंशी पूर्ण झाली ना? वाढीव रकमेचा हिशेब सिस्टीम घेत नाहीये. कुठं अडकलंय ते आम्हालाही दिसत नाही." घरी अम्मी रोज विचारायची, "माझे पैसे कुठं गेले?"

माझी मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. ती म्हणाली, "अब्बा, प्रोग्राम कधीकधी इतका गुंततो की लिहिणारा सोडून गेला की दुसऱ्याला वाचताच येत नाही. मग हात लावायला सगळेच घाबरतात." हा गुंता मोजता येतो, हेही तिनंच सांगितलं. मी साधा बी.ए. झालेला कवी, पण मला समजलं, तर तुम्हालाही समजेल.

1976 साली टॉमस मॅकेब या अमेरिकी तज्ज्ञानं एक माप सुचवलं. प्रोग्रामच्या एका तुकड्यात 'असं असेल तर?' असे प्रश्न किती ते मोजायचे आणि त्यात एक मिळवायचा. या आकड्याला सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी म्हणतात.

आपल्या एसटीचं तिकीट घ्या. पाच वर्षांच्या आतलं मूल? तिकीट नाही. बाराच्या आतलं? अर्धं. ज्येष्ठ नागरिक? अर्धं. 2022 मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आला, 2023 मध्ये महिलांना अर्धं तिकीट. प्रश्न पाच, म्हणून आकडा सहा. म्हणजे निदान सहा तऱ्हेचे प्रवासी कल्पून हिशेब तपासायला हवा. प्रश्नांचा क्रमही महत्त्वाचा. 'महिला आहे का?' हे आधी विचारलं, तर शहात्तर वर्षांच्या आजीबाईंना मोफतऐवजी अर्धं तिकीट फाडलं जाईल!

मॅकेब यांनी दहाची मर्यादा सुचवली होती. आकडा त्यापुढं गेला की तुकडा फोडावा. मात्र सहाच प्रश्न एकाखाली एक असले तर सहज वाचता येतात. एकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा असे असले तर डोकं गरगरतं. म्हणून अलीकडच्या कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी या मापात अशा पोटप्रश्नांना जास्त गुण लावतात.

गुंता कमी कसा करायचा? सरळ प्रकरणं सुरुवातीलाच निकालात काढायची. एका तुकड्याला एकच काम द्यायचं आणि त्या कामाचंच नाव ठेवायचं. बदलणारे दर वेगळ्या तक्त्यात ठेवायचे. पण केवळ आकडा उतरवण्यासाठी तुकडे पाडले, तर वाचणारा एका जागी हरवण्याऐवजी दहा जागी हरवतो. थर्मामीटर ताप दाखवतो, उतरवत नाही.

कवितेच्या एका ओळीतून दोन अर्थ निघाले तर वाहवा मिळते. इथं मात्र एका ओळीचा एकच अर्थ हवा, आणि तो पुढच्या माणसाला कळायला हवा.

चौथ्या फेरीला अम्मीचे पैसे मिळाले. "हातानं नोंद करून टाकली," असं ते गृहस्थ म्हणाले. मी आभार मानले. बाहेर पडताना मनात आलं, प्रोग्राममधला तो गुंता तसाच राहिला. पुढच्या महिन्यात आणखी कुणाची तरी आई ऐंशी पूर्ण करील.