करसवलत आणि कमाई नसलेल्या घरातील मूल

मुलांच्या संगोपनासाठी कुटुंबाला साहाय्य देण्याचे शासनापुढे दोन मार्ग असतात. एक थेट अनुदानाचा, दुसरा आयकरातील सवलतीचा. दुसरा मार्ग वरकरणी सुलभ वाटतो. विवरणपत्रात मुलाचे नाव लिहावे आणि कर कमी व्हावा. परंतु ज्याला कर भरावाच लागत नाही, त्याच्या मुलाचे काय? अमेरिकेत या प्रश्नावर दीर्घकाळ वाद चालू आहे. योजनांची अंमलबजावणी करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनाही तो उद्बोधक ठरावा.

नाव लिहिणे आणि रक्कम मिळणे

अमेरिकेच्या आयकर कायद्यानुसार मूल आश्रित म्हणून दाखविण्यासाठी पालकाची स्वतःची कमाई असलीच पाहिजे, अशी अट नाही. नाते, मुलाचे वय, वर्षातील निम्म्याहून अधिक काळ एकत्र वास्तव्य इत्यादी कसोट्या पूर्ण झाल्या की पुरे. नातवंडांना सांभाळणारी आजीदेखील त्यांना आश्रित म्हणून दाखवू शकते. अडचण त्यापुढे येते.

तेथील कायदा 'श्रमार्जित उत्पन्न' वेगळे मानतो. वेतन, मजुरी आणि स्वतःच्या व्यवसायातील निव्वळ प्राप्ती यांचा त्यात समावेश होतो. व्याज, लाभांश, निवृत्तिवेतन, बेकारी भत्ता किंवा मुलासाठी मिळणारी पोटगी यांचा होत नाही.

सवलतीचा हिशेब

मुलांसाठीची करसवलत १९९७ च्या कायद्याने सुरू झाली. २०२५ च्या सुधारणेनुसार ती सतरा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे २,२०० डॉलर आहे. ही रक्कम प्रथम देय करातून वजा होते. कर त्याहून कमी असल्यास उरलेल्या रकमेपैकी, २०२५ या करवर्षासाठी, प्रत्येक मुलामागे कमाल १,७०० डॉलर रोख मिळू शकतात. मात्र सर्वसाधारणपणे हा परतावा २,५०० डॉलरपेक्षा अधिक असलेल्या श्रमार्जित उत्पन्नाच्या १५ टक्क्यांपुरताच मर्यादित असतो.

उदाहरणार्थ, कर लागू न होणाऱ्या एखाद्या मातेने वर्षात १०,००० डॉलर मजुरी मिळविली, तर तिला १,१२५ डॉलर मिळतील. तिची मुले दोन असली तरी रक्कम तेवढीच राहील. मजुरी मुळीच नसेल, तर तिच्या हाती काहीही पडणार नाही. केवळ निवृत्तिवेतनावर गुजराण करणाऱ्या आणि कर लागू नसलेल्या आजीचीही तीच स्थिती. याउलट, लाभांशावर सुखाने जगणारा पालक श्रमार्जित उत्पन्न नसतानाही आपला देय कर या सवलतीने कमी करू शकतो. पतिपत्नींचे एकत्रित उत्पन्न ४ लाख डॉलरपर्यंत असले, तरी सवलतीत कपात होत नाही. अर्थात, ज्या मुलाला साहाय्याची निकड सर्वाधिक, तेच मूल सर्वांच्या मागे राहते.

२०२१ चा प्रयोग

कोविड महामारीच्या काळात, २०२१ या एका वर्षापुरती, कमाईची अट दूर करण्यात आली. सहा वर्षांखालील मुलामागे ३,६०० आणि त्यावरील मुलामागे ३,००० डॉलर अशी सवलत ठरली. सतरा वर्षांची मुलेही तीत आली. तिचा निम्मा भाग जुलै ते डिसेंबर या काळात दरमहा आगाऊ देण्यात आला. तेथील जनगणना विभागाच्या पूरक मोजणीनुसार बालदारिद्र्याचे प्रमाण २०२० मध्ये ९.७ टक्के होते. ते २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांवर आले आणि योजना संपल्यावर २०२२ मध्ये १२.४ टक्क्यांवर गेले. या चढउतारामागे इतर साहाय्याचाही वाटा होता. तथापि या सवलतीचा वाटा मोठा होता.

दोन बाजू

कमाईची अट असावी असे मानणाऱ्यांचे म्हणणे असे की, साहाय्याने श्रमास उत्तेजन मिळावे, आळसास नव्हे. विरोधकांचे उत्तर असे की, आजारी पिता, तान्ह्या बाळाची माता किंवा वृद्ध आजी यांना काम न करण्याबद्दल दंड करून मुलाचे पोषण होत नाही. पालकाच्या स्थितीची किंमत मुलाने का मोजावी?

आपल्यासाठी बोध

आपल्याकडेही आयकराच्या जुन्या पद्धतीत दोन मुलांच्या शिक्षणशुल्काची वजावट मिळते. परंतु कर भरावा न लागणाऱ्या शेतमजुराला तिचा उपयोग नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये मंजूर केलेली 'लेक लाडकी' योजना दुसऱ्या मार्गाची आहे. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबातील मुलीला जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये देण्याची तीत तरतूद आहे. येथे पालकाचे विवरणपत्र पाहिले जात नाही.

मात्र थेट अनुदानालाही अर्ज, दाखले आणि बँकखाते लागतेच. ज्या घरात कमाई नाही, त्या घरात कागदपत्रेही अनेकदा अपुरी असतात. म्हणूनच अशी घरे शोधून काढून त्यांचे अर्ज पूर्ण करून देणे, हे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि अंगणवाडी सेविका यांचे मोलाचे कार्य ठरते. योजना कोणत्याही मार्गाची असो, शेवटच्या घरातील मुलापर्यंत ती पोहोचली की नाही, हीच तिची खरी कसोटी होय.