पत्रादेवीच्या नाक्यापलीकडचा हुकूमनामा

दाव्याचा निकाल लागला की अर्धीच लढाई संपते, हे दिवाणी वकील जाणून असतात. उरलेली अर्धी दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत लढावी लागते. जप्ती करायची ती मालमत्ता न्यायालयाच्या हद्दीत हवी. गोव्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. ऋणकोची मालमत्ता महाराष्ट्राच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून गेली की हुकूमनाम्यालाही नाका ओलांडावा लागतो. १९६१ पर्यंत तर या नाक्यापाशी दोन देशांची हद्द होती.

अपिलाची वाट त्याहून लांब. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात स्थापन केलेले ‘रेलासांव’ हे गोव्याचे वरिष्ठ न्यायालय. मोझांबिक आणि मकावची अपिलेही एके काळी तिथे चालत. शेवटची दाद मात्र लिस्बनला मागावी लागे. मुक्तीनंतर, १९६३ मध्ये, ‘रेलासांव’च्या जागी ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय आले. ३० ऑक्टोबर १९८२ पासून मुंबई उच्च न्यायालयाचा अधिकार गोव्यावर सुरू झाला आणि पणजीत खंडपीठ बसले. अपिलाची वाट लिस्बनहून दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाकडे वळली.

मग जुन्या दाव्यांचे काय? भारताची दिवाणी प्रक्रिया संहिता गोव्यात १५ जून १९६६ रोजी लागू झाली. त्याआधी पोर्तुगीज प्रक्रियेनुसार दाखल झालेल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व स्पष्ट केले: दावा दाखल होतो त्या दिवशीच पुढच्या अपिलांचा हक्क पक्षकाराला मिळतो. नव्या कायद्याने तसे स्पष्ट म्हटल्याशिवाय तो हिरावला जात नाही.

अंमलबजावणीचा पेचही त्या न्यायालयापर्यंत गेला. संहिता लागू होण्यापूर्वीच मुंबईच्या न्यायालयाने आपला हुकूमनामा दरखास्तीसाठी गोव्याकडे वर्ग केला होता. जिथे संहिताच नाही तिथे तो वर्ग कसा होईल, असा ऋणकोचा आक्षेप होता. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. ऋणकोने मुंबईच्या न्यायालयाचा अधिकार मान्य केलेला होता. दरम्यान संहिताही गोव्यात पोहोचली होती. त्यामुळे दरखास्त चालली.

आज मुंबईचा हुकूमनामा गोव्यात पाठवायचा तर संहितेच्या कलम ३९ खाली तो वर्ग करून घेतात. मुदत बारा वर्षांची. परदेशी निकालांची गोष्ट वेगळी. कलम ४४अ नुसार केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या देशांतल्या वरिष्ठ न्यायालयांचा पैशाचा हुकूमनामा इथल्या जिल्हा न्यायालयात थेट बजावता येतो. ब्रिटन या यादीत आहे. जानेवारी २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरातीही आली. आखातात कमावणाऱ्या मराठी आणि गोमंतकीय कुटुंबांनी ही नोंद लक्षात ठेवावी: दुबईतले थकीत कर्ज मडगावच्या घरापर्यंत येऊ शकते. अर्थात फसवणुकीने मिळवलेला, नैसर्गिक न्याय डावलून दिलेला किंवा गुणदोषांवर न झालेला निकाल कलम १३ इथेही अडवते.

पोर्तुगाल मात्र या यादीत नाही. लिस्बनमध्ये जिंकलेली रक्कम गोव्यात वसूल करायची तर त्या निकालाच्या आधारे तीन वर्षांच्या आत इथे नवा दावा लावावा लागतो. आणि त्याच गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून मुरलेली आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर असे ठरवले, की गोमंतकीयाच्या मुंबईतल्या मालमत्तेच्या वारशालाही तीच संहिता लागू होते. पोर्तुगालचा कायदा चालतो, पोर्तुगालचा निकाल थेट चालत नाही. यात विसंगती नाही. तो कायदा १९६२ मध्ये भारताच्या संसदेने चालू ठेवला, म्हणून तो भारताचा झाला. निकालामागे मात्र तो देणाऱ्या राज्याची सत्ता असते, आणि दुसऱ्या राज्याने मान्यता दिल्याशिवाय ती हद्दीबाहेर जात नाही.

म्हणून छोट्या प्रदेशात दावा लावणाऱ्याने आपली बाजू किती खरी, एवढेच पाहून भागत नाही. प्रतिवादीची जमीन, बँकखाते, दुकान कुठे आहे, याची चौकशी कोर्टफी भरण्याआधीच करावी.