भाव ठरला, पण कुठपर्यंतचा?



जागेवरचा भाव आणि पोच भाव, हे दोन शब्द माल विकणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहेत. व्यापारी जागेवरून माल उचलणार असेल तर गाडी त्याची. पोच द्यायचा असेल तर गाडीभाडं आपलं. परदेशी व्यापारातही हाच हिशेब आहे. फक्त वाट लांबची आणि मध्ये समुद्र.

या हिशेबाची ठरावीक नावं पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३६ साली पहिल्यांदा छापली. त्यांना इन्कोटर्म्स म्हणतात. सध्याची आवृत्ती २०२० ची असून तिच्यात ११ अटी आहेत. सगळ्या पाठ करायला नकोत. कोणतीही अट आली की तीनच गोष्टी विचारायच्या: कामं कोणी करायची, खर्च कुठपर्यंत कोणाचा, आणि वाटेत माल बिघडला तर नुकसान कोणाचं?

समजा, मेहकरच्या एका गटाची हळद पावडर दुबईला चालली आहे.

एक्स वर्क्स, मेहकर: आपण माल गोदामात तयार ठेवायचा. पुढचं सगळं खरेदीदाराचं, आपल्याकडचे निर्यातीचे कस्टमचे कागदसुद्धा. ऐकायला सोपं वाटतं, पण दुबईत बसून तो हे कागद कसे करणार? त्यापेक्षा एफसीए बरी. निर्यातीचे कागद आपण करायचे आणि ठरलेल्या जागी त्याच्या वाहतूकदाराकडे माल सोपवायचा. तिथून पुढची जोखीम त्याची. कंटेनरच्या मालाला हीच अट सोयीची.

एफओबी, न्हावा शेवा: माल जहाजावर चढेपर्यंत खर्च आणि जोखीम आपली. घाटात ट्रक उलटला तर नुकसान आपलं. जहाज ठरवणं, त्याचं नाव व तारीख आपल्याला वेळेत कळवणं आणि समुद्राचं भाडं भरणं ही खरेदीदाराची कामं. विमा हवा असेल तर तोही त्यानेच काढायचा.

सीआयएफ, जेबेल अली: दुबईच्या या बंदरापर्यंतचं जहाजाचं भाडं आणि विमा आपण भरतो. पण जोखीम न्हावा शेवालाच, माल जहाजावर चढताच, खरेदीदाराकडे जाते. म्हणजे खर्च एका ठिकाणी संपतो आणि जोखीम दुसऱ्या ठिकाणी. पुढे जहाज बुडालं तर भरपाई त्याने विम्यातून मागायची. या अटीतला विमा किमान असतो. आग, जहाज बुडणं असे मोठे अपघात त्यात येतात. कंटेनरमध्ये पाणी शिरून पावडर भिजली, तर ते त्यात येत नाही. जास्त संरक्षण हवं असेल तर आधीच ठरवावं लागतं.

आता उलट बाजू पाहू. उद्या आपण चीनहून मसाला यंत्र मागवलं आणि दरपत्रकावर ‘सीआयएफ न्हावा शेवा’ लिहिलेलं असलं, तर तो भाव घरपोच नाही. सीमाशुल्क, जीएसटी, बंदराचे खर्च आणि मेहकरपर्यंतचा ट्रक, हे सगळं आपल्या माथी. कागद अडले आणि मोफतचे दिवस संपले की बंदरावर रोजचं भाडं चढतं. गटाची वर्षाची बचत त्यात जाऊ शकते. आयात असो की निर्यात, विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयईसी क्रमांक लागतो. हळद निर्यातीला मसाला मंडळाची नोंदणीही लागते.

आणखी एक. पैसे कधी मिळणार, मालकी कधी बदलणार, प्रतीची तक्रार आली तर काय करायचं, हे या अटी सांगत नाहीत. ते करारात वेगळं लिहून घ्या.

म्हणून भाव सांगण्याआधी गटाच्या बैठकीत तिन्ही प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा आणि त्यावरून खर्च मांडा. करारात अटीचं नाव, त्यापुढे जागेचं नाव आणि ‘इन्कोटर्म्स २०२०’ हे शब्द आहेत ना, ते पाहा. जागेचं नाव नसेल तर सही करू नका.