बांधावरची निळी चिकोरी



फिल्टर कॉफीचा पेला आज सुरतेतही नवलाचा राहिलेला नाही. त्या पेल्यात कॉफीच्या जोडीला पुष्कळदा एक मुळी असते, ती चिकोरीची. युनानी वैद्यकात हिलाच कासनी म्हणतात. युरोपात ही वनस्पती रस्त्याच्या कडेला आपोआप उगवते; गुजरातेत रजक्याच्या, म्हणजे लसूणघासाच्या, शेतात ती तण म्हणून आढळते. शेतकरी उपटून टाकतो, तीच आपण दुकानातून विकत आणतो!

ती ओळखावी कशी? कोवळेपणी तिची दातेरी पाने जमिनीसरशी पसरतात आणि मोडताच पांढरा चीक येतो. पण एवढ्यावर विसंबू नये. आपल्या पाथरीचीही हीच लक्षणे आहेत. फुले येईपर्यंत थांबावे. पाथरीचे फूल पिवळे, तर चिकोरीचे आकाशासारखे निळे असते व प्रत्येक पाकळीच्या टोकाला पाच बारीक दाते असतात. फूल पाहायचे तर सकाळीच जावे. ऊन चढले की ते मिटते. मात्र रस्त्याकाठची वा औषध फवारलेल्या शेतातली पाने खाण्यासाठी आणू नयेत.

पेयासाठी मुळांचे तुकडे वाळवून भाजतात. त्यांतील इन्युलिन नावाची शर्करा भाजल्यावर तपकिरी होते आणि कॉफीसारखा रंग व कडवटपणा येतो. कॅफीन मात्र मुळीच नसते. १८०६ साली नेपोलियनने इंग्रजांच्या व्यापाराची कोंडी केली, तेव्हा कॉफी दुर्मीळ होऊन फ्रान्समध्ये चिकोरीचा प्रसार वाढला. आपल्याकडे गुजरातेत जामनगरच्या परिसरात तिची लागवड होते.

चिकोरी मिसळणे ही लबाडी नव्हे. ती न सांगता मिसळणे ही लबाडी. कायद्याने अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी आणि चिकोरीचे प्रमाण वेष्टनावर छापलेले हवे. सुटी पूड 'शुद्ध' म्हणून घेतली असेल, तर पेलाभर थंड पाण्यावर चिमूटभर भुरभुरावी. कॉफी तरंगत राहते. चिकोरी काही क्षणांतच तपकिरी रेघा सोडीत तळाशी जाते.

बांधावर फूल पाहावे, घरी पाणी पाहावे. मग पैसे कशाचे मोजले, हे कोणाला विचारावे लागणार नाही.